नबीभाईंचा कवड्या

पाटोदा, कार्तिक वद्य ४, शके १८५०

स्वामींच्या चरणी केसरचा नमस्कार. वैजनाथाच्या कृपेने इकडे घर उभं आहे. तिकडे अम्राबादच्या रानात आपल्या पायांची सूज उतरली असेल, अशी आशा.

आपलं पत्र पोचलं. नवीन वेल सापडली हे वाचून बरं वाटलं. वाळवलेल्या पानांत मी कडुनिंबाचा पाला घातला आहे, कसर लागलेली नाही. तुळशीचं लग्न गूळ-चुरमुऱ्यांवर उरकलं. गाय आटत आली आहे. मी दमले आहे, पण ते काही नवीन नाही.

नबीभाईंना गुडघ्यामुळे आपण यंदा सोबत नेलं नाही. नेलं असतं तर, असं मी म्हणणार नाही.

ते गेले.

दिवेलागणीला कडब्याची पेंडी ओढताना बोटाला साप चावला. तो मारून, फडक्यात गुंडाळून आपल्याच दारी आले. मागे त्यांची बीबीजान, तिच्यामागे निम्मी गल्ली. आपण नसलात की लोक हल्ली मला साप दाखवतात. इंग्रजी पुस्तक मी वाचायचं आणि साप हातात धरून आपण समजवायचा, यात माझेही डोळे तयार झाले. बिनविषारी कवड्या चावलेला माणूस आपल्या शब्दावर चालत घरी जातो आणि गाव त्याला आपल्या हाताचा गुण समजतं.

मी फडकं उघडलं. काळं अंग, जोडीजोडीने पांढरे पट्टे, कण्यावरचे खवले मोठे. बीबीजान दारातल्या बायांशी बोलत होती, तेवढ्यात नबीभाई हळूच म्हणाले, "वैनी, मण्यार हाय. दवाखान्यात यावर औषध न्हाई, तुमचे मास्तरच इचारून आलते. तुमी कवड्या म्हना."

"कावून, नबीभाई?"

"ही बया गाव गोळा करंल. मला रडनं ऐकत जायचं न्हाई."

मी देवघराकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हटलं, "कवड्या आहे. घरी जा, जेवा."

बीबीजानचा जीव भांड्यात पडला. "बघा की वैनी, लेकरावानी तोंड करून आलतं हे ध्यान!" तिने तव्यावरची भाकरी वाढली. ते तिची थट्टा करत जेवले. मग पापण्या जड झाल्या. उजाडायच्या आत संपलं.

आता चावडीवर आसाराम म्हणतो, "बाईमाणसाच्या नादी लागला. मांत्रिकाकडं नेलं असतं तर वाचला असता." बीबीजान ताकाला येत नाही. परवा आडावर मला ऐकू जाईल असं म्हणाली, "लई बुकं वाचली, पट्टे काई दिसले न्हाईत." मी घागर भरून घरी आले.

आसारामने तो साप रॉकेलच्या बाटलीत घालून ठेवला आहे. आपण आलात की सगळ्यांसमोर ठेवणार. मण्यारीला मण्यारच म्हणा. खोटं नाव आपल्या तोंडून यावं असं मी मागणार नाही, आणि पुढच्या माणसाचा जीवही त्यावर आहे. पण "हिला साप ओळखता येतो, ही चुकायची नाही," असं जे आपण कौतुकाने चारचौघांत सांगता, ते त्या दिवशी सांगू नका. बायकोला कळलं नाही, इतकंच म्हणा.

ते हसत जेवले, एवढं एकच बीबीजानच्या गाठीला आहे. त्यांना ठाऊक होतं हे कळलं, तर तो घासही तिच्याकडून जाईल.

सावकाश या. घाई नाही.

आपल्या पायांशी,
केसर