बोक्याला खाडीपलीकडे नेताना

आई, बोका गाडीतून न्यायचा कसा, हे विचारायला तू हवी होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही अडलं की मी मनातल्या मनात तुझ्याशीच हुज्जत घालते. हा बोका तू पाहिलेला नाहीस. तू गेल्यावर बऱ्याच काळाने तो दिघीच्या आपल्या घरात शिरला आणि बाबांच्या उशाशी झोपू लागला. बाबा आता थकलेत, गॅस चालू ठेवून विसरतात, म्हणून त्यांना माझ्याकडे किहीमला आणायचं ठरवलं. त्यांनी एकच अट घातली. "बोका येत असंल तर येतो. न्हायतर मी हितंच बरा." म्हणजे बोका वाटेत निसटला असता, तर बाबाही हातचे गेले असते.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसा पिंजरा आधी घरातच उघडा ठेवला, आत बाबांचा जुना बनियन घातला. बोकेसाहेब हुंगून निघून गेले आणि एका दुपारी आत जाऊन चक्क घोरायला लागले. निघायच्या सकाळी, गाडीत उलटी नको म्हणून, त्याला उपाशी ठेवलं, तर बाबांनी मला कसाई ठरवलं. पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला, वर चादर टाकली, शेजारी बाबा. गाणी बंद, वळणावर गाडी हळू. थोडं ओरडून बोका गप्प झाला.

फेरीबोटीवर गाडी चढली आणि ओळखीची एक म्हातारी खिडकीशी आली. "बोका सोडाया नेतंस काय गो पलीकडं?" तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे चोरटं मांजर गोणीत घालून खाडीपलीकडे आगरदांड्याला सोडतातच, मध्ये पाणी आलं की त्याला परतीची वाट सापडत नाही म्हणून. बाबांनीही एकदा तसंच केलं होतं. मांजरीने सुरमईची तुकडी पळवली, बाबा गोणी घेऊन गेले, आणि परत येऊन ऐटीत पाटावर बसले. तू ताट वाढलंच नाहीस. "घरचं मानूस हाय ती. आधी घेऊन या, मंग जेवा." पुढच्या बोटीने गेले बिचारे, हातभर ओरखडे घेऊन आले, आणि तू आधी मांजरीलाच दूध घातलंस. मी किती हसले होते तेव्हा.

म्हातारीच्या बोलण्यावर बाबा हसत नाहीत. पिंजऱ्यावर हात ठेवून खाडीकडे बघत राहतात. "पानी लागलं मधी," एवढंच म्हणतात. मी आरशातून त्यांच्याकडे बघते.

बोका सुखरूप पोचला. नवीन घर अंगवळणी पडेपर्यंत त्याला बाहेर सोडायचं नाही, जुन्या घराच्या ओढीने मांजर चालू लागतं, हे डॉक्टरांचं सांगणं मी बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी मला?" मी ते हसण्यावारी नेलं.

आता बोका कधीच रुळलाय. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यावर लोळतो, पुढे जात नाही. तरी मी दाराला आतून कुलूप लावते आणि कुणी विचारलं की बोक्याचं नाव पुढे करते. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. मला भीती वाटते ती बाबा चालू लागतील याची.