पाटा, वरवंटा आणि बारा खेकडे

बुधवार, ९ जुलै
मामंजींनी आज जेवताना जाहीर केलं: आषाढ संपायच्या आत जी सून सासूबाईंसारखा खेकड्यांचा रस्सा करेल, सासूबाईंचा पाटा-वरवंटा तिचा. तोंडी निर्णय पुढे फिरतात, म्हणून ही लेखी नोंद. उमेदवार दोन. मी, बी.एस्सी. प्राणिशास्त्र, १९८१. आणि पारशिवनीची धाकटी जाऊ रुखमा, आठवी. शिवाय पाटा माझ्याच ओट्याखाली आहे. निकाल उघड आहे.
सासूबाई गेल्यापासून पाच महिने मामंजी चतकोर भाकरीवर आहेत. माझ्या रश्श्यावर दोन खातील.

गुरुवार, १० जुलै
रुखमाचा फोन. "बाई, आज पुनव हाय. पुनवेचा खेकडा पोकळ राहते. अवस येऊ द्या न." तिला शांतपणे सांगितलं, खेकडा पंचांग वाचत नाही. "आन् पहिले नांग्या मोडजा. नाही तं तोच तुमाले मोडन." निव्वळ क्रौर्य. मी फ्रीजरमध्ये गुंगी आणून मारणार.

शुक्रवार, ११ जुलै, सकाळी ९
बाजारातून बारा खेकडे आणले. शेतातले, जिवंत. फ्रीजरमध्ये, एक तास.

९.२०
यजमानांनी बर्फासाठी फ्रीजर उघडला. किंकाळी त्यांची.

दुपारी १२
एकाने माझं बोट धरलं. लाटण्याने हाणून सोडवलं. दुसरा सिलिंडरमागे. वरवंटा फेकला, चुकला, फरशी फुटली. तिसरा पाट्यावर चढला, त्याला नेम धरून हाणलं. खेकडा गेला. पाट्याचा कोपराही गेला. किरकोळ. एकूण सात माझ्या हातून ठार, एक यजमानांच्या चपलेखाली, चार बेपत्ता. यजमान बाथरूममध्ये, आतून कडी. पद्धत यशस्वी.

दुपारी २
पाय पाट्यावर वाटले, रस फडक्यातून गाळून रश्श्यात सोडला. कवच्या उघडल्या. आत पाणी. आठही. योगायोग.

संध्याकाळी ७
मामंजींनी एक कवची उघडली. आत पाहिलं. दुसरी उघडली. म्हणाले, "सूनबाई, हे जीव आपल्या घरी येऊन उपाशी मेले काय वं?" मग चतकोर भाकरी, ताकाशी. तिखट सोसलं नसणार.

रविवार, १३ जुलै
बोटाला तीन टाके. डॉक्टरांना दाराची फट सांगितली. स्पर्धा अजून खुली आहे, पण माझा रस्सा झालेला आहे आणि तिचा नाही. म्हणजे मी पुढे.

बुधवार, २३ जुलै
उद्या अवस. रुखमा टोपली घेऊन आली. माझ्याच ओट्यावर बसली. कट, कट, कट. बारा खेकड्यांच्या नांग्या चार मिनिटांत मोडल्या, वर भावाच्या सोयाबीनची खबर सांगत. मी घड्याळ लावलं होतं. कवच्या पिवळ्या ऐवजाने गच्च. पाट्याच्या तुटक्या कोपऱ्यावरून तिने एकदा हात फिरवला. मग पाय वाटत राहिली.
मामंजींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रस्सा वाटीने प्यायले. यजमानांना म्हणाले, "रवींद्र, बुढी आली गा," आणि डोळे पुसले. तिखटामुळे.
मीही पुसले.

गुरुवार, २४ जुलै
रुखमाला सुपूर्द केलं:
वरवंटा, एक.
पाटा, एक.
बेपत्तांपैकी खेकडा, एक, जिवंत, फ्रिजच्या मागून. नांग्या तिनेच मोडल्या.
पाट्याचा कोपरा, एक. तेरा दिवस माझ्या साड्यांच्या कपाटात होता.