आवाज न करणारं झाकण

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. आपण दोघी फोनवाल्या. तेही काय, "जेवलीस का?" "जेवले." "बरं, ठेवते." एवढंच. पण आता एक गोष्ट अशी झाली आहे की तुला सांगितल्याशिवाय माझं मन काही थाऱ्यावर येत नाही. शिवाय तुला जाबही विचारायचा आहे. काय गं आई, मला इतकं फसवलंस?

मागच्या बुधवारी आमच्या दात घासायच्या ब्रशचा साचा करायला द्यायचा होता. तोच ब्रश, ज्याला तू गल्लीभर "शीतलची मशीन" म्हणायचीस. चार्ज होणारा, प्रवासात नेता येणारा, आणि मुठीच्या खालच्या भागात दंतमंजन ठेवायला कप्पा असलेला. पोलादाचा साचा एकदा कापला की मग बदल नाही. म्हणून आमचे साहेब म्हणाले, जुन्या नमुन्यांच्या कप्प्यांची झाकणं किती झिजली ते मोजून घे. मी तुझा नमुना काढला. तुझी तेरवी झाल्यावर मीच तो अकोल्याहून अमरावतीला आणून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला होता. तू त्याला फॉल लावायच्या लाल दोऱ्याची गाठ मारली होतीस, ती तशीच होती.

झाकण सरकवलं, तर कोपऱ्यात काळी पूड! मी तर तुला लाल मंजन भरून दिलं होतं. वाटलं, आतलं रबर झिजून त्याची भुकटी झाली असणार, म्हणजे साचा थांबवावा लागणार. नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि सटासट शिंका आल्या. तो वास मी विसरेन होय? लहानपणी तू तव्यावर तंबाखू भाजायला घेतलीस की मी खोकत खोकत पुस्तकं घेऊन शेजारच्या शोभाकाकूंच्या ओट्यावर पळायचे. मिसरी होती ती, आई!

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ आहे." बघ, लपवायला मीही लगेच शिकले.

मग तुझ्या ब्रशच्या चाचणीची फाईल उघडली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "पहिली वापरकर्ती : आई. मिसरी सोडली." ब्रश रोज किती वेळ चालतो याची नोंद आतली चिप ठेवायची. तुझी नोंद सगळ्यांत सरस! सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं, एक दिवस खाडा नाही. बाकीची माणसं दीड मिनिटात कंटाळायची. आणि तुझ्या ब्रशचे केस तर महिनोन्महिने नव्यासारखे. त्याखाली मी काय शेरा मारला होता, ठाऊक आहे? "केसांचा दर्जा उत्तम. झीज नाही." इंजिनिअर ना मी! ब्रश रोज चालतो आणि झिजत नाही, म्हणजे तो दातांना लागतच नाही, एवढं कळायला मला तुझ्या मिसरीची शिंक यावी लागली. बाथरूमची कडी लावायची, ब्रश चालू करून बादलीच्या काठाशी ठेवायचा आणि त्या घुर्र आवाजाआड बोटाने निवांत मिसरी घासायची. असंच ना?

मला आधी राग आला. मग हसू आलं. मग झाकणाची गोष्ट आठवली आणि मी हसायची थांबले.

पहिल्या नमुन्याला फिरकीचं झाकण होतं. संधिवाताने तुझी बोटं सकाळी वळायची नाहीत, तू ते उघडूच शकली नाहीस. दुसरं मी टिचकीने उघडणारं केलं. तू चार दिवस वापरून म्हणालीस, "टक् टक् आवाज लय येते याचा." मी विचारलं, आवाज आला तर काय बिघडतं? "लग्नाच्या घरी समदे झोपेल रायतात, त्यायची झोप मोडते." मला केवढं कौतुक वाटलं! दुसऱ्याच्या झोपेचा विचार करणारी माझी आई! मग तूच तुझ्या पिकोच्या मशीनकडे बोट दाखवलंस. "या बॉबिनवरच्या पट्टीवानी सरकू दे ना त्याले. अंगठ्यानं." मी खाली बसून ती पट्टी वीसदा सरकवून पाहिली आणि तसंच झाकण केलं. पुढच्या रविवारी पुन्हा तक्रार, "पूड सांडते, बिलाउजले डाग पडते." ब्रश ब्लाउजमध्ये कशाला ठेवायचा, हे मी विचारलंसुद्धा नाही. गुपचूप रबराची कड घातली. आज ते झाकण हातात घेतलेला प्रत्येक माणूस म्हणतो, वा, किती हलकं सरकतं, आवाज नाही, सांडत नाही! सगळ्या कंपनीत त्याची तारीफ चालली आहे. आणि ते घडलं कशासाठी, तर माझ्यापासून मिसरी लपवायला.

माझ्यापासून. तिथेच तर सगळं येऊन थांबतं ना, आई?

ब्रश तुला देण्याआधीच्या त्या रविवारची आठवण काढायला मला आवडत नाही. दाताच्या डॉक्टरांनी तुझ्या सुजलेल्या हिरड्या पाहून मिसरी बंद करा म्हणून बजावलं होतं, आणि मी घरी आले तर तू मागच्या पायरीवर शोभाकाकूंबरोबर बसून घासते आहेस! मी तुझ्या हातातली पितळी डबी हिसकावली, मोरीत उपडी केली आणि काकूंच्या देखत ओरडले, "ही डबी या घरात आहे तोवर मी इथे घास घेणार नाही." बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला होतास तू. मी उपाशी बसस्टँडवर गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही ताट वाढलेलं तसंच ठेवून निघाले. तू "अवं, दोन घास तं खाय" म्हणत फाटकापर्यंत आलीस, मी मागे वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या रविवारी डबी घासूनपुसून लख्ख, आणि आत सेफ्टी पिना. "सोडली बाप्पा. बस आता जेवाले." मी बसले. दोनदा भात घेतला. तू समोर बसून नुसती बघत होतीस, आणि मला वाटलं, मी जिंकले.

खोटं तू बोललीस, पण दुसरा रस्ता मी ठेवला होता का तुला?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ब्रश दाखवायच्या निमित्ताने मी तुला बचत गटाच्या बैठकीत नेऊन खुर्चीवर बसवलं. गल्लीतल्या सगळ्या बाया समोर सतरंजीवर, शोभाकाकू अगदी पुढे. मी उभी राहून ठणकावून सांगितलं, "माझ्या आईने चाळीस वर्षांची मिसरी सोडली. मग तुम्हाला का जमू नये?" टाळ्या पडल्या. तू मान खाली घातलीस, मला वाटलं लाजलीस. दोन शब्द बोल म्हणून मीच आग्रह केला. तू उठलीस आणि म्हणालीस, "पोरीनं मशीन चांगली बनवली. झाकणाचा आवाज येत नाई." आणि बसलीस. सगळ्या हसल्या. तेवढंच एक खरं बोलता येण्यासारखं होतं तुला!

त्यानंतर शोभाकाकू आपल्याकडे दिसेनाशा झाल्या. मी विचारलं तर तू म्हणालीस, "गुडघे दुखून राह्यले तिचे." मी सोडून दिलं. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलात, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मागच्या पायरीवर बसणाऱ्या तुम्ही दोघी! तुझं शेवटचं वर्ष तू त्या पायरीवर एकटी बसलीस, आणि मी दर रविवारी येऊन तुझ्या ब्रशची चिप तपासून जात होते.

तुझ्या तेरवीला काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "इंदूनं सोडली वं, मलेच नाई जमलं. तिच्यासमोर बसाची लाज वाटे मले." आणि मी काय म्हणाले? "प्रयत्न करा काकू. आईचं उदाहरण आहे ना डोळ्यांपुढे." आता आठवलं की कानशिलं तापतात.

म्हणून या रविवारी मी तुझा ब्रश पर्समध्ये घालून अकोल्याला गेले. आपल्या घराला कुलूप. काकू त्यांच्या ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, थोडी भाजी निवडली आणि बोलून टाकलं, "काकू, आईनं मिसरी सोडली नव्हती."

त्यांचे हात थांबले. "कोनं सांगतलं तुले?"

मी ब्रश पुढे केला. त्यांनी अंगठ्याने झाकण सरकवलं, बोटाच्या टोकावर जराशी पूड घेतली, हुंगली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इंदूचीच हाय. जास्तच भाजे ती. मी कितीदा म्हनलं, करपवू नको."

मी सगळं सांगितलं. बाथरूमची कडी, चालू ठेवलेला ब्रश, झाकण. हसतील असं वाटलं होतं. त्या तुझ्यावर चिडल्या. "अन् मी येडी! वर्षभर तिच्या दारात गेली नाई. तोंडाचा वास येईन, इंदूले समजीन, म्हनून!" मग भाजी निवडायचं सूप बाजूला सारून पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तिकडं ती कडी लावून घासे, इकडं मी. मधात एक भिंत. मले सांगतलं असतं, तं सोबत नसतो का बसलो वं आमी?"

तू तरी त्यांच्या दारात कशी जाणार होतीस? मी तुला त्या खुर्चीवर बसवलं होतं ना. एका ब्रशची चाचणी नीट व्हावी म्हणून मी तुमची पायरी मोडली, आई. तू गेलीस त्याच्या दुःखाहून हे वेगळं आहे. तुझ्या जाण्यात माझा हात नव्हता, यात आहे.

थोड्या वेळाने काकू उठल्या. "जेवून जाय." मी आत गेले. स्वयंपाकघरात फळीवर त्यांची डबी होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली आणि चटकन हात लांबवून ती पिठाच्या डब्यामागे सारायला लागल्या.

"असू द्या काकू," मी म्हटलं.

ताटात ज्वारीची भाकर होती आणि तीच हरभऱ्याची भाजी. मी जेवायला बसले. काकू समोर बसून बघत होत्या, तू बघायचीस तसं. मग हळूच म्हणाल्या, "सोडू काय वं मी?"

"सोडाच. हिरड्या पाहिल्या का आरशात? मी मदत करीन. पण नाही जमलं तर मला सांगा."

"मंग रागावशीन."

"रागावेन काकू. पण जेवायला येईन."

त्यांनी उठून माझ्या ताटात अजून एक भाकर वाढली.

सोमवारी मी साहेबांसमोर तुझी फाईल ठेवली. "मिसरी सोडली" ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "सोडली नाही. घरच्यांच्या धाकाने लपवली. पाच मिनिटांची नोंद धरू नये." साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग झाकणाचं काय करायचं? मी म्हटलं, झाकण तसंच राहू दे. ते वापरणाऱ्या बाईने स्वतः सांगून करवून घेतलंय. आता नवे नमुने दुसऱ्या घरांत जातील, चाचणी पुन्हा होईल आणि साचा थोडा उशिरा कापला जाईल. होऊ दे उशीर.

तुझा ब्रश मी अजून धुतलेला नाही. धुवीन कधीतरी.

आई, मिसरी वाईट ती वाईटच. तू आता समोर असतीस तरी मी तुझ्याशी भांडलेच असते. पण ताटावरून उठले नसते. ते दोन रविवार मला परत मिळाले तर डबी फळीवर ठेवून तुझ्या हातचे पातोडे खाईन, आणि मग काय भांडायचं ते भांडीन.

ते तर आता होणे नाही. म्हणून तुला हा शब्द देते. नव्या नमुन्यांसाठी मी ज्या ज्या घरी जाईन, तिथे कुणी "चांगलं आहे" म्हटलं की पुन्हा एकदा विचारीन, आणि आधी चहा घेऊन मग विचारीन. आणि महिन्यातून एका रविवारी अकोल्याला येईन, आपल्या घराचं मागचं दार उघडीन आणि शोभाकाकूंना हाक मारून त्या पायरीवर बसवीन. त्या घासत असोत वा नसोत.

तुझी,
शीतल