चार पळपुट्यांचा शोध

चि. एल्डन यास व्हर्नाताईचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, मक्याची कापणी सुरू झाली. तुझा गुडघा कसा आहे? (फार चालावं लागत नाही ना? थांब, त्यावरच येते.) तुझं ‘यशस्वी विद्यार्थी’ हे पुस्तक मिळालं. बक्षीसही मिळालं म्हणे त्याला! अकरा वर्षं आमच्या कम्युनिटी कॉलेजात येऊन तू चाळीस-चाळीस प्रश्नांचे फॉर्म भरून घेतलेस, त्याचं चीज झालं. आमची येसेनिया मांस कारखान्यातली पाळी संपवून, मांडीवर पोर घेऊन माझ्या कुंभारकामाच्या वर्गाला येते. तिला तू विचारलंस, झोप किती तास?

सातवं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. माझ्या वर्गाच्या यादीत दरवर्षी बारा जण असतात, त्यातले चौघं मातीला बोटसुद्धा न लावता गायब होतात. त्यांना तू ‘संकोची यशार्थी’ असं गोंडस नाव दिलंस. त्यांच्या मनात खोल भीती असते, घरून आधार नसतो, वगैरे वगैरे. तीस पानं! मी वाचून रडले रे, मेल्या. आमचे डीन हॅल्वरसन यांनीही वाचलं. ते मात्र रडले नाहीत. ते म्हणाले, बाई, तुमच्याकडे दर तिघांत एक पळतो, यंदा सगळे पास झाले नाहीत तर जानेवारीपासून वर्ग बंद. एकवीस वर्षं चालवलेला वर्ग!

मग माझं डोकं फिरलं. शिक्षकांच्या यादीत नावं नसतात, नुसते आकडे असतात (नाव वाचून शिक्षक भेदभाव करतात, तेव्हा नावं झाका, ही सूचना तुझीच). म्हणून ऑफिसातल्या आर्डिसला म्हटलं, त्या चौघांची नावं काढ. तिने काढली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. पहिलं नाव एल्डन. बाकीचे तुझे तीन मदतनीस! पार्किंगचा स्टिकर फक्त विद्यार्थ्यांना मिळतो, आणि सगळ्यांत स्वस्त वर्ग माझा, म्हणून तुम्ही त्यात नावं घातलीत. म्हणजे अकरा वर्षं तू माझ्या दाराशी गाडी लावून, ‘मी गायब का होतो?’ याचा शोध घेत होतास! फोन केला तर म्हणतोस, “ताई, संशोधनात असं होतं कधी कधी.” लाज कशी वाटत नाही तुला? तुझं होतं पुस्तक आणि माझा जातो वर्ग.

तुझी,
व्हर्नाताई

ता. क. शुक्रवारच्या आत डीनना पत्र लिही आणि सगळं कबूल कर. बक्षीस गेलं तर जाऊ दे.

ता. क. २ : खबरदार, काही कबूल करशील तर! आर्डिसने आत्ता सांगितलं की बारापेक्षा कमी नावं असली तर वर्ग भरतच नाही. खरे विद्यार्थी तर आठच येतात. इतकी वर्षं माझा वर्ग तुम्हा चार पळपुट्यांवर उभा होता! तेव्हा मंगळवारी संध्याकाळी सहाला चौघं जुने कपडे घालून या. स्टिकर आहेच.

ता. क. ३ : फुकट पास करणार नाही. सहा वाडगे, भट्टीतून न तडकता निघालेले. तुझा पहिला फुटला की येसेनिया तुझाच फॉर्म घेऊन शेजारी बसेल. ‘घरून आधार आहे का?’ असं तिने विचारलं, तर माझ्याकडे बघायचं नाही. खाली मान घालून माती मळायची.