नुसता फोड

बौद्धवाडी, पोलादपूर
२५ ऑगस्ट

ताई,
आमूचा जय भीम घे. इकडे सगळी बरी हाव, तू पण बरी असशील.

फोनवरच बोलली असते, पण फोन दादाचा. तो मोठ्या आवाजावर ठेवूनच बोलायला देतो आणि सगळी ऐकत बसली की माझा घसा बंद होतो, तुला ठाव हाय. म्हणून दुधाच्या गाडीवाल्या मुरारीभाऊंकडे हे देते.

वहिनीचे टाके अजून दुखतात. बाळाची अंघोळ, लंगोट, भांडी, दादाची शेतावरची भाकरी, सगळं माझ्यावर. दोन महिने झाले, नीट झोप म्हणून नाय. तरी बाळ माझ्याकडेच गप राहतो. वहिनी चिडवते की आई कोण ते एकदा त्यालाच इचारायला पायजे.

६ तारखेला अंगणवाडीत मीच त्याला सुया द्यायला नेला. जन्मल्यावर राहिलेली ती दंडावरची पण दिली. सिस्टर काय काय सांगत होत्या. पुढे सगळ्या बायका, मी मागे. त्यावर काय लावायचं नाय एवढंच ऐकू आलं. परत इचारायला तोंड उघडलं नाय. आता त्या जागी वाटाण्याएवढा फोड आलाय, मधी पांढरा पू. वहिनीला बोलले नाय, झबल्याखाली झाकून ठेवते. काय करू ते लिव. तू दवाखान्यात कामाला, तुलाच कळणार.

तुझी वाट बघणारी,
आमू


महाड
२७ ऑगस्ट

प्रिय आमू हिस
शर्मिलाताईचा सप्रेम जय भीम वि वि

पत्र पोचलं इथे गणपतीला माझ्यासोबतच्या सगळ्या आया गावी गेल्यात दोन दिवस मी एकटीच सगळे वॉर्ड पुसते पाय सुजलेत हे पण पेंगत पेंगत लिहिते

दंडावर आलाय तो नुसता फोड घाबरू नको पू निघाला की सुकेल वण राहील तो चांगलाच लस लागल्याची खूण असते ती पुढची सुई ३ तारखेला आहे ती चुकवू नका

वहिनीला सांग आई कोण ते मला इचार आठवीपर्यंत तुझी वेणी मी घातलीय बाकी भेटल्यावर बोलू माया आहेच

तुझी ताई


बौद्धवाडी
३० ऑगस्ट

ताई,
जय भीम. मुरारीभाऊ हायवेला गणपतीच्या गाड्यांत अडकले होते, तुझं पत्र काल सांजचं मिळालं.

तू लिवलंस तसं केलं. सुई चुलीवर उकळून घेतली, हात साबणाने धुतले आणि फोडला. घाबरले नाय. म्हणजे घाबरले, पण फोडला. बाळ असा रडला की वहिनी टाके धरून आतून धावत आली. पू निघाला, पण तू बोललीस तसं सुकलं नाय. आज दंड लाल हाय नि बोराएवढी सूज. बाळ रात्रभर किरकिर करतो.

वहिनीने त्याला माझ्याकडून घेतला. तेव्हापासून हात लावू देत नाय. मी जवळ गेले की पदर ओढून घेते. सोना आत्या चुन्याची पुडी घेऊन आली होती, मी दाराशी उभी राहिले, लावू दिला नाय. तेवढंच माझ्या हाती. वहिनी बोलली की सुयांनीच पोराचा हात नासला, आता बुधवारची नको नि पुढची पण नको. 

दिवसभर भांडी घासते. कामं तीच, पण मांडी रिकामी असली की जास्त दमायला होतं गो.

रागावली नसलीस तर तुझी,
आमू


महाड
१ सप्टेंबर

प्रिय आमू,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग माझ्या पत्रात काय लिहिलं होतं ते आठवलं आणि जिन्यात बसून राहिले. मी लिहिलं होतं की नुसता फोड आहे. तो येतोच. आणि घाबरू नको. फोडायला मी सांगितलं नव्हतं. पण झोपेत लिहिलं, टिंब द्यायला कुठे थांबलेच नाही. तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस. चूक माझी.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते आधी मलाच ओरडले. उकळून गार केलेल्या पाण्याने पुसायचं. दाबायचं नाही. काही लावायचं नाही. सिस्टरना हात दाखवायचा. बुधवारची सुई मात्र द्यायचीच.

माझं ते पत्र वहिनीला दाखव. दादाला दाखव. त्यांना सांग की हे ताईमुळे झालं. तुझ्यावर घेऊ नकोस.

रजा मिळत नाही. इकडे जीव लागत नाही.

तुझी,
ताई


बौद्धवाडी
४ सप्टेंबर

ताई,
जय भीम. तुझी एवढी टिंबं बघून आधी हसायला आलं, मग रडायला.

पत्र नाय दाखवलं. वाडीत कुणाला ताप आला तरी शर्मिलाला इचारा म्हणतात. तू लादी पुसतेस ते कुणाच्या ध्यानात नाय, दादा तर तुला डॉक्टरीणच समजतो. तूच चुकलीस असं कळलं असतं तर बाळाची सुई राहिलीच असती, आणिक बाकीच्यांची पण. माझं काय, माझं तसं पण कोण ऐकत नाय.

काल वहिनी ऐकेना. मग मी एकटीच अंगणवाडीत गेले, बाळाशिवाय. पंधरा-वीस बायका होत्या. दारातनंच सिस्टरना बोलले की फोड मी फोडला, तुम्ही घरी येऊन बघा. आवाज एवढा मोठा आला की मलाच कळेना कोण बोललं. सगळं आटपल्यावर सुयांची थंड पेटी घेऊन त्या आल्या. दंड बघितला, मला सगळ्यांसमोर झाडलं. मी खाली बघून ऐकून घेतलं. मग वहिनीला बोलल्या की सुईचा दोष नाय, फोड यायचाच होता, आपोआप फुटला असता, हिने घाई केली. सूज पण उतरते हाय. येत्या बुधवारी परत बघायला येतील.

वहिनीने दंड परत एकदा निरखला. मग बाळाची मांडी उघडी केली. सुई दिल्यावर तो रडायला लागला, तिला टाक्यांनी उठवेना, तिने त्याला माझ्याकडे पुढे केला.  बाळ गप झाला तेव्हा म्हणाली की मेल्याला आई नकोच हाय.

सिस्टरनी जाताना काम दिलंय. ६ तारखेला दंडावर लस दिलेली वाडीत अजून दोन पोरं हायत, त्यांच्या आयांना सांगायचं. आज जाऊन आले. शाळेत धडा वाचताना मी कुठे थांबायचीच नाय, पोरं हसायची, म्हणून तर शाळा नको झाली. आज नीट बोलले. फोड येईल, एवढं बोलून थांबले. त्यांनी मान हलवली. मग बोलले, फोडू नका.

तुझं ते पत्र चुलीत नाय घातलं. फोडच्या पुढे पेनाने एक टिंब दिलंय नि तांदळाच्या डब्याखाली ठेवलंय.

आता तू पण झोप गो.

तुझीच,
आमू