चालता चालता वाजवणं

अब्बा,

अकोल्याहून लिहून राहिलो. मराठीतच लिहितो, शाळा तुमीच मराठीची निवडली होती.

काल हिवरखेडचे नत्थुजी गेले. नव्वदीपार माणूस, म्हणून पोरांनी वाजतगाजत न्यायचं ठरवलं अन् तुमच्याच बँडले बोलावलं. "तुमच्या मयतीत मीच वाजवीन," अशी जबान तुमी त्यायले दिली होती. म्हणून तुमचा सॅक्सोफोन मी गळ्यात घातला.

मुंबईत मी वाजवतो त्या जॅझमध्ये ना चाल, ना ठेका. तुमच्या तोंडावर बँडले 'गोंगाट' म्हणलं अन् मी घर सोडलं. मंग एका पुस्तकात वाचलं, जॅझ पहिल्यांदा वाजवलं ते तिकडं परदेशातल्या बँडवाल्यायनंच, मयतीसंगं चालत. तुमाले ते सांगायची मले लाज वाटली, अब्बा. सांगितलंच नाही.

काल दहा पावलांत सॅक्सोफोन दातावर आदळला, ओठ फुटला. मी स्टेजवर उभं राहून वाजवणारा. चालत वाजवता येईना. तुमचे ढोलवाले नियाजचाचा बाजूले आले. म्हणाले, "पहले पैर सुन, बेटा. फूँक बाद में." तसं केलं, तवा सूर लागला.

आपल्यात मयतीले बाजा नसतो. तुमी गेले तवा सारा मोहल्ला मुकाट चालला. मी तेवढंही चाललो नाही. मुंबईत माझा कार्यक्रम होता.

काल मसणवटीपर्यंत चाललो. त्यातली अर्धीच वाट नत्थुजीसाठी होती.

तुमचा,
गुलफाम