साफ आलेली प्लेट

आप्पा, येत्या शनिवारी व्हायची ती बॉक्सिंगची मोठी लढत रद्द झाली. तुम्ही असता तर महिनाभर आधीपासून घरात दुसरा विषय निघाला नसता. एकाच्या खांद्याला सरावात मार बसला म्हणून त्यानं माघार घेतली, अशी बातमी सकाळी मोबाइलवर आली. दवाखाना उघडायच्या आधी मी समोरच्या टपरीवर चहा घेत होते, तिथे बाकावर बिरवाडीकडे कंपनीत जाणारे तिघंजण तेच बोलत बसले होते. "खांदाबिंदा काय नाय, टरकला तो," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "मग रिपोर्ट दाखव ना. रिपोर्ट का नाय दाखवत?" त्यांच्यातल्या कुणी आयुष्यात ग्लव्हज हातात घातले नसतील. मला राग यायला हवा होता. पण बातमी वाचल्यावाचल्या मीही मनात तेच म्हटलं होतं, नाटक. आणि तो शब्द मला तुमच्या आवाजात ऐकू आला.

पलटणीत तुम्ही बॉक्सिंग खेळलात, परत आल्यावर कंपनीच्या गेटवर वॉचमन झालात आणि संध्याकाळी महाडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पोरं घडवायला लागलात. गेटवर सुटणाऱ्या कामगारांचे डबे उघडून बघायची तुमची सवय घरापर्यंत आली होती. टीव्हीवर कुणी दुखापतीनं माघार घेतली की तुम्ही चटकन म्हणायचात, "दुखणं नाय ते, भ्या हाय." हॉलमध्ये कुणी पोरगा हात धरून आला की दुखऱ्या जागेवर अंगठा दाबायचात आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचात. तोंड वाकडं झालं तर खरं. नाही झालं, तर "चल, दोरीच्या उड्या मार." मला मात्र लहानपणापासून शिकवलंत की मार बसला तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही, समोरच्याला कळलं की तो तिथंच मारतो. या दोन गोष्टी एकमेकींना धरून नाहीत, हे मलाही फार उशिरा सुचलं.

मी सोळा वर्षांची होते. शाळेच्या मैदानात स्पर्धा भरली होती, पहिल्यांदाच मुलींच्या लढती होत्या, आणि तुम्ही माझ्यासाठी लाल ग्लव्हज आणले होते. माझ्या मापाचे, नवे, हॉलमधले घामट नव्हेत. चार दिवस आधी बॅगवर ठोसा मारताना माझं उजवं मनगट मुडपलं. अजून दिसतं मला ते स्वयंपाकघर. आई हातातलं काम टाकून चुलीशी उभी आहे, तुम्ही माझा हात दिव्याखाली धरता, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो त्यात बरोबर दाबता. जीव कळवळतो. मी तोंड हलवत नाही. "बघ," तुम्ही आईला म्हणता, "काय पण झालेलं नाय." आई म्हणते, "अवो, पोर कशाला खोटं बोलंल?" दुसऱ्या दिवशी तिच्याच हट्टानं तुम्ही मला एक्स-रे काढायला नेलंत. प्लेट साफ आली. तुम्ही ती दारात उजेडाला धरून कितीतरी वेळ बघितलीत, आणि मग माझ्याकडे बघितलंत.

मी रिंगणात उतरले नाही. मूठच वळत नव्हती. पोलादपूरकडून आपल्या वाडीतली माणसं टेम्पो करून आली होती, बायकासुद्धा. माझं नाव पुकारलं तेव्हा तुम्ही रिंगणाच्या दोरीजवळ उभे राहून पंचांना सांगितलंत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हात दुखतोय म्हंती. प्लेट साफ हाय." एवढंच. कुणीतरी हसलं. टेम्पोत परतताना मागून एक म्हातारा म्हणाला, "भ्याली गो पोर, जाऊ दे," आणि पुढच्या सीटवर तुम्ही मान वळवली नाहीत. पुढे दोन महिने आई आंबेहळदीचा लेप लावत होती. मी कळशी डाव्या हातानं उचलायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "आता कोण बघतंय?" मी पुन्हा हॉलवर आले नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत.

मग मी एक्स-रेचंच काम शिकले. तिथे पहिल्याच वर्षी कळलं की मनगटात एक लहान हाड असतं, त्याला तडा गेला तर पहिल्या दिवसांत कित्येकदा दिसत नाही, दहाबारा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. सुट्टीत घरी आले आणि जेवताना तुम्हाला सांगितलं. तुम्ही भात कालवत राहिलात. म्हणालात, "आता काय पण बोलशील. शिकलीस ना."

आणि मग तो दिवस. तुम्ही दुपारी न कळवता, मी एक्स-रे काढते त्या दवाखान्यात आलात. हॉलवरच्या पोरांना घेऊन दोन दिवसांनी अलिबागला स्पर्धेसाठी जायचं होतं, ते रद्द केल्याचं सांगितलंत. डावा खांदा दुखत होता, चढ चढला की जास्त. डॉक्टर चार वाजता येणार होते. तोवर मी फोटो काढून ठेवते म्हटलं. तुम्हाला उभं केलं, खांदा फळीला टेकवला, श्वास रोखायला सांगितलं. तुम्ही पलटणीतल्यासारखा रोखलात. प्लेट साफ आली.

"काही नाही आप्पा, हाड एकदम चांगलं आहे."

"मंग दुखतं ते काय?"

मी म्हटलं, "खरंच दुखतंय, की अलिबागला जायचं नाही?"

तुम्ही शर्ट चढवलात. डावी बाही घालायला वेळ लागला. बटणं चुकीची लागली, पुन्हा काढून लावलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. चारला पाऊण तास होता, मी थांबा म्हटलं नाही आणि तुम्ही थांबला नाहीत. नवव्या दिवशी कंपनीच्या गेटवर, खुर्चीत बसल्याजागी तुम्ही गेलात. हृदयाचं दुखणं कधीकधी खांद्यात येतं, हे डॉक्टरांनी मला हलक्या आवाजात समजावलं, जणू मला ते ठाऊकच नव्हतं.

आई अजून विचारते, त्या दिवशी दवाखान्यात काय बोलले गो? मी सांगते, काही नाही, चहा घेतला आणि गेले. चहासुद्धा विचारला नव्हता तुम्हाला. हे लिहिलेलं मी तिला दाखवणार नाही, तिनं मला एवढी वर्षं खरं मानलं आहे. बाकी कुणाला दाखवणार? आप्पा, त्या दिवशी तुमची प्लेट उजेडावर लावली आणि ती साफ दिसली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुम्हाला काही झालं नाही म्हणून नव्हे.